आडवे, उभे आणि आडमुठे

मराठी शब्दकोडे रचणाऱ्याच्या नळाला पाणी कधी येत नाही. नीर येते, तोय येते, जल येते. फारच जोर असला तर सलिल येते. त्याला बायको नसते. कांता, भार्या नाहीतर दारा असते. त्याच्या अंगणात पक्षी बसत नाही, खग बसतो, आणि त्याने काही आवाज केलाच तर तो 'रव' असतो. वर्तमानपत्राची चौघडी करून कोडे सोडवणाऱ्या मंडळींबरोबर बदलापूर लोकलमध्ये माझी वीस वर्षे गेली. आता निम्मे जण मोबाईलमध्ये मान घालून बसतात, पण खिडकीजवळचा आमचा अड्डा अजून टिकून आहे. म्हणून हे बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

माझी तक्रार साधी आहे. 'पाणी, दोन अक्षरे' असे विचारले तर वाचकाने काय भरावे? नीर, तोय, जल, अंबू, चारही बरोबर. उभा शब्द सुटला तर ठीक. नाहीतर उद्याच्या अंकाची वाट पाहा. उद्या 'तोय' निघाले की आपण चूक आणि रचणारा विद्वान! अहो, ही काय ज्ञानाची परीक्षा झाली? हा तर मटका झाला.

हे मी एकटा म्हणत नाही, देशाचे सर्वोच्च न्यायालय म्हणाले आहे. एके काळी शब्दकोड्यांवर मोठमोठी बक्षिसे लागत. बंगळूरला छापल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकातल्या 'आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड'च्या प्रवेशिका मुंबईतही गोळा होत. मुंबई राज्याने त्यावर कर लावला, प्रकरण दिल्लीला गेले आणि १९५७ साली निकाल लागला. दोन तितकेच चपखल शब्द समोर ठेवायचे आणि आयोजकाने आधीच पाकिटात बंद केलेला शब्द तोच बरोबर मानायचा, हा जुगार आहे, व्यापार नव्हे, असा त्याचा मथितार्थ. त्याआधी १९५५ च्या कायद्याने महिन्याला हजारावरच्या बक्षिसांना बंदी घातलीच होती. बक्षीस गेले, फी गेली, पण ते बंद पाकीट मात्र आमच्या कोडेकारांनी जपून ठेवले आहे.

कोडे तसे परदेशी पोर. आर्थर विन नावाच्या गृहस्थांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या वर्तमानपत्रात ते पहिल्यांदा छापले. इंग्रजांनी पुढे त्यात अशी लबाडी भरली की सूचनेचा अर्थ एक दिसावा आणि निघावा दुसराच. पण ही लबाडी आपल्याला शिकवायला साहेब कशाला हवा? गणपतीची लेखणी थोपवायला व्यासांनी कूटश्लोक घातले, असे आपणच सांगतो. वाल्या कोळ्याने 'मरा' उलटे वाचून 'राम' काढला, तो काय पर्यायी शब्दांचा कोश उघडून? श्लेष शाळेत मार्कांसाठी पाठ करायचा आणि कोड्यात वापरायचा नाही, हे मला समजत नाही.

शिवाय आपल्या चौकटीत अख्खे अक्षर बसते, काना-मात्रेसकट. इंग्रजीत बदलापूरला आठ घरे लागतात, आपल्याकडे पाचांत संसार होतो. मात्र 'न'वर 'ना' बसत नाही, त्यामुळे उल्हासनगर आणि अंबरनाथ 'न'वर भेटत नाहीत. पण 'र' तिन्ही गावांत आहे, तिथे तिघे कसे गुण्यागोविंदाने मिळतात! रेल्वेला जमले नाही ते र ने करून दाखवले.

उदाहरणादाखल मी एक सूचना रचून डब्यात टाकली : 'सूड आणि पाण्याचा लोंढा एकत्र आलेले गाव, पाच अक्षरे.' मंडळी गप्प. एकाने आकाशाकडे पाहिले, एकाने कोश काढायची भाषा केली. उल्हासनगरला चढणारे एक सिंधी शेटजी आमच्यात चौथ्या सीटवर टेकतात. मराठी ते कोड्यांतूनच शिकले; एकदा त्यांनी गिऱ्हाइकाला "उदक घेणार का?" असे विचारले होते, तेव्हापासून गिऱ्हाइके त्यांना शास्त्रीबुवा म्हणतात.

शेटजी पटकन म्हणाले, "बदलापूर! अहो साहेब, बदला आणि पूर."

"तुम्हाला इतक्या लवकर कसं सुटलं?"

"बदला सिनेमात शिकलो. पूर काय, २००५ च्या जुलैत दुकानात कमरेपर्यंत होता. तुम्ही लोंढा लिहिला म्हणून कळलं. 'ओघ' लिहिला असता, तर मी अजून अंबरनाथलाच शोधत बसलो असतो. बरं, जरा सरका, चौथ्या सीटवर अर्धाच मावतोय."