चार कसोट्यांची वंशावळ

पांचगणीस जाणाऱ्या प्रवाशास 'एशिया प्लॅटो' हें केंद्र ठाऊक असतें. इ. स. १९६८ सालीं उघडलेलें हें केंद्र ज्या चळवळीचें, तिचें २००१ पासूनचें नांव 'इनिशिएटिव्हज ऑफ चेंज'. तत्पूर्वीं ती 'मॉरल री-आर्मामेंट' म्हणून, आणि १९३८ पूर्वीं 'ऑक्सफर्ड ग्रुप' म्हणून प्रसिद्ध होती. तिचे प्रवर्तक फ्रँक बुकमन (१८७८-१९६१) हे अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांताचे लूथरपंथी धर्मोपदेशक. प्रामाणिकपणा, शुचिता, निःस्वार्थता व प्रेम या चार निरपेक्ष कसोट्यांवर माणसानें प्रथम स्वतःस घासून पाहावें, रोज सकाळीं निवांत बसून अंतर्वाणी ऐकावी, दिसेल ती चूक कबूल करून तिची भरपाई करावी, आणि अशा पालटलेल्या माणसांकडून जग पालटावें, हें या पंथाचें सार होय. त्याचें मंडन वा खंडन करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्याचा इतिहास कसा लिहिला गेला, एवढेंच येथें पाहावयाचें आहे. आणि त्या शोधांत आमचें कोल्हापूर अनपेक्षितपणें येतें, म्हणून हा लेख या त्रैमासिकास योग्य वाटतो.

या विषयावरील जुने ग्रंथ बहुतांशीं दोन प्रकारचे आहेत. एक पक्षकारांचे : हॅरल्ड बेगबी यांचा १९२३ चा, ए. जे. रसेल यांचा १९३२ चा, पीटर हॉवर्ड यांचा १९६१ चा, आणि या सर्वांहून विस्तृत असें गार्थ लीन यांचें १९८५ चें चरित्र. दुसरे प्रतिपक्षाचे, त्यांत ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद टॉम ड्रायबर्ग यांचा १९६४ चा ग्रंथ अग्रगण्य. पहिल्यांचा पाया म्हणजे 'साक्षी'. अमुक कारखानदार सभेस आला, पालटला, त्यानें मजुरांची क्षमा मागितली, अशा या कथा. मीमांसक ज्यास अर्थवाद म्हणतात त्याच जातीच्या त्या होत. अर्थवाद खोटा असतो असें नव्हे. परंतु त्याचें प्रयोजन प्रवृत्ति उत्पन्न करणें हें असतें, वृत्त नोंदणें हें नसतें. बखरींवर विसंबून तारखा लावणाऱ्यांची जी फजिती होते, तीच साक्षींवर विसंबून इतिहास रचणाऱ्याची व्हावयाची. ड्रायबर्ग यांचा दोष उलट आहे. ते कागद तपासतात खरे, पण आरोपपत्र तयार करणाऱ्या वकिलाच्या दृष्टीनें. दोन्ही पक्षांत एक गोष्ट मात्र समान : एकानें देव्हाऱ्यांत व दुसऱ्यानें पिंजऱ्यांत उभा केलेला पुरुष एकच, तो म्हणजे बुकमन.

पहिली कसोटी प्रामाणिकपणाची आहे. तेव्हां चळवळीच्या इतिहासासही तीच लावली तर अन्याय होणार नाहीं. १९३६ च्या आगस्टांत न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड-टेलिग्राम' पत्रांत बुकमन यांची मुलाखत आली. साम्यवादाविरुद्ध तटबंदी उभारणारा हिटलरसारखा पुरुष निपजला याबद्दल ईश्वराचे आभार मानावे, या अर्थाचें वाक्य तींत आहे. संदर्भ गळाला, असें पक्षकार म्हणतात. तें वाक्य म्हणजेच सर्व बुकमन, असें प्रतिपक्ष म्हणतो. निष्पक्ष संशोधकानें तिच्याशेजारीं दुसरा कागद ठेवला पाहिजे. नाझी गुप्त पोलिसांनीं १९४२ सालीं याच पंथावर अहवाल छापून त्यास जर्मन राज्याचा शत्रु ठरविलें होतें. हे दोन कागद परस्परांस खोडीत नाहींत. पहिल्यावरून प्रवर्तकाची राजकीय दृष्टि कोठें आंधळी होती तें दिसतें; दुसऱ्यावरून हुकुमशहांस या पंथाचें भय कां वाटलें तें दिसतें. पहिला कागद झांकणारा चरित्रकार आपल्याच पहिल्या कसोटीस उतरत नाहीं. दुसरा झांकणारा टीकाकारही उतरत नाहीं.

आतां मुळाकडे वळूं. पक्षकारांच्या कथेंत चळवळीचा उगम १९०८ सालचा. फिलाडेल्फिया येथील मुलांच्या वसतिगृहाच्या कारभारावरून व्यवस्थापक समितीशीं बुकमन यांचें बिनसलें होतें. इंग्लंडांत केसिक येथील एका प्रार्थनामंदिरांत त्यांस स्वतःच्या आकसाची जाणीव झाली, आणि त्यांनीं त्या सहा सभासदांस क्षमापत्रें लिहिलीं. या कथेंत संशय घ्यावा असें आम्हांस कांहीं दिसत नाहीं. परंतु ज्या चार कसोट्यांवर सारी इमारत उभी आहे, त्या केसिकच्या नव्हेत. रॉबर्ट स्पीअर यांच्या १९०२ च्या ग्रंथांत येशूच्या उपदेशांतून त्या निवडलेल्या आहेत. येल विद्यापीठाचे हेन्री राइट यांनीं १९०९ च्या आपल्या ग्रंथांत त्यांस निरपेक्ष मानदंडाचें रूप दिलें. राइट यांच्याकडून त्या बुकमन यांस मिळाल्या. लीन यांच्यासारख्या पक्षकारांसही हें ऋण अमान्य नाहीं. मात्र वंशावळ याहून वर कोणी फारशी नेत नाहीं.

ती वर नेली असतां आपण कोल्हापुरास येऊन पोंचतों. अमेरिकन मिशनरी रॉयल गोल्ड वाइल्डर हे अहमदनगराहून १८५२ सालीं येथें आले. शाळा चालवाव्या कीं केवळ उपदेश करावा, या वादांत त्यांनीं शाळांची बाजू घेतली, धाडणाऱ्या मंडळीशीं वैर पत्करलें, आणि १८६१ सालीं आपलें म्हणणें ग्रंथरूपानें छापलें. पुढें स्वतंत्रपणें चालविलेलें हें कार्य १८७० सालीं प्रेस्बिटेरियन मंडळानें आपलेंसें केलें. त्यांचे चिरंजीव रॉबर्ट पार्मली वाइल्डर यांचा जन्म १८६३ सालीं कोल्हापुरांतच झाला. कुटुंब अमेरिकेस परतल्यावर प्रिन्स्टन येथें त्यांनीं व त्यांच्या भगिनी ग्रेस यांनीं विद्यार्थ्यांनीं परदेशीं मिशनकार्यास जावें या हेतूनें काम आरंभिलें. १८८६ च्या उन्हाळ्यांत माउंट हर्मन येथील शिबिरांत सुमारें २५० विद्यार्थ्यांपैकीं १०० जणांनीं परदेशगमनाची प्रतिज्ञा घेतली. मग वाइल्डर व जॉन फोरमन यांनीं वर्षभर कॉलेजांतून फेरी केली. त्या फेरींत प्रतिज्ञा घेणाऱ्यांपैकीं एक म्हणजे उपरिनिर्दिष्ट स्पीअर. १८८८ सालीं 'स्टुडंट व्हॉलंटियर' चळवळ रीतसर स्थापन झाली. पुढें शेरवुड एडी हे त्याच चळवळींतले पुरुष १९१५ सालीं बुकमन यांस हिंदुस्थानांत घेऊन आले.

येथें आमच्या ग्रामबंधूंस हर्ष होईल. पण नैयायिकांचा इशारा विसरतां येत नाहीं. घटाच्या पूर्वीं कुंभाराचें गाढव असतेंच, माती तेंच वाहतें. तरी तें घटाचें कारण नव्हे, अन्यथासिद्ध होय. कोल्हापूर बुकमन यांच्या चळवळीचें कारण आहे कीं मातीचें गाढव? आमचें मत असें : चार कसोट्यांचा आशय कोल्हापूरचा नव्हे, तो स्पीअर व राइट यांचा. परंतु त्यांचा प्रसार ज्या पद्धतीनें झाला, म्हणजे एकेका विद्यार्थ्यास एकांतांत गांठणें, त्याजकडून निश्चय करविणें, आणि अशा थोडक्यांच्या बळावर जग जिंकूं म्हणणें, ती वाइल्डर यांच्या पिढीनें रूढ केलेल्या वाटेची आहे. त्या मिशन-बंगल्यांतील वातावरण या पद्धतीचें एक बीज होय. एकमेव बीज नव्हे. याहून अधिक कोणी म्हणेल तर त्यानें कागद दाखवावा.

हिंदुस्थानांतील उत्तरकांड अलीकडचें आहे. १९५२-५३ च्या हिंवाळ्यांत बुकमन सुमारें २०० जणांसह या देशीं आले. १९६३ सालीं राजमोहन गांधी यांनीं कन्याकुमारीहून दिल्लीपर्यंत वाहनांतून यात्रा काढली. १९६४ ते १९८१ त्यांचें 'हिंमत' साप्ताहिक मुंबईहून निघालें. १९७५ च्या आणीबाणींत त्या पत्रानें नियंत्रणापुढें मान तुकविली नाहीं. या प्रसंगास आम्ही शंभर साक्षींहून अधिक किंमत देतों; कारण येथें बोलण्यास दंड होता. चाळीस वर्षें शाळेंत घालविल्यावर आम्हांस एवढें कळलें आहे कीं, वर्गापुढें पश्चात्तापाचें भाषण करणाऱ्या मुलाहून, चोरलेलें पुस्तक निमूटपणें परत आणून ठेवणारा मुलगा अधिक विश्वसनीय.

म्हणून संग्राहक वाचकांस एकच विनंति. मोडी रुमालांत मिशनचे कागद निघाले, तर 'हे आपले नव्हेत' म्हणून रद्दींत टाकूं नयेत. शाळांचे पट, हिशेबाच्या वह्या, मराठी पत्रिका, घरगुती पत्रें, यांवरूनच या वंशावळींतील कोल्हापूरचें पान निश्चित होईल. तें आमच्या अभिमानास अनुकूल निघो वा प्रतिकूल. कसोटी पहिलीच लावावयाची.