उलट टाक्याची बाजू

इन्स्टाग्रामवर हाताने विणलेल्या स्वेटरचे फोटो बघत बसलात तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. बाह्या अर्ध्या कापलेल्या असतात, कंबर चौकटीबाहेर असते. दिसतो तो फक्त योक: गळ्यापासून खांद्यांवरून छातीपर्यंत उतरणारा रंगीत, नक्षीदार गोल. खाली कॉमेंट असते, 'चित्रच काढलंयस!' कौतुक मनापासूनचं असतं, पण माझा आक्षेप नेमका याच शब्दावर आहे. योकला चित्र म्हटलं की त्यात जे खरोखर घडलेलं असतं ते दिसेनासं होतं. ते काय असतं, हे बघायला स्वीडनमधल्या एका जुन्या उद्योगाकडे जावं लागतं.

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर बोहुसलेन नावाचा खडकाळ प्रदेश आहे. तिथल्या ग्रॅनाइटवर अनेक गावांचं पोट चालायचं. 1930च्या दशकातल्या मंदीत दगडाची मागणी घटली, पाथरवटांची कामं गेली आणि घर चालवायचा प्रश्न बायकांवर आला. तिथल्या गव्हर्नरची पत्नी एमा याकोबसन हिच्याकडे या बायका मदत मागायला गेल्या. मूळची व्हिएन्नाची असलेल्या एमाने त्यांना दान देण्याऐवजी काम उभं करून दिलं. 1939मध्ये 'बोहुस स्टिकनिंग' ही संस्था सुरू झाली. स्टिकनिंग म्हणजे विणकाम. साध्या वस्तूंपासून सुरुवात झाली आणि पुढे या नावाचे स्वेटर अमेरिकेपर्यंत पोचले. 1969मध्ये संस्था बंद पडली, पण गोल योकचा रंगीत स्वेटर विणणारी मंडळी आजही हे नाव आदराने घेतात.

आदर का, ते कळायला टाका कळला पाहिजे. मराठीत विणकामाची सगळी भाषा दोन शब्दांवर उभी आहे: सुलट आणि उलट. सुलट टाक्याने समोरची बाजू गुळगुळीत होते, तर उलट टाक्याने समोर बारीक गाठीसारखा उंचवटा येतो. रंगीत नक्षीचं सर्वसाधारण विणकाम पूर्णपणे सुलट असतं. एका ओळीत दोन रंग, नको असलेला धागा मागून न्यायचा, पुढून स्वच्छ आकृती. उलट टाका तिथे अडचणीचाच, कारण तो रंगांची सीमा मोडतो. खालच्या ओळीतल्या रंगावर नव्या रंगाचा उलट टाका घातला, की त्या ठिकाणी जुना आणि नवा असे दोन्ही रंग ठिपक्यांसारखे वर येतात. सरळ रेघ तुटते.

बोहुसच्या कलाकारांनी याच दोषाचं साधन केलं. त्यांनी उलट टाके मुद्दाम समोर आणले आणि काही ओळींत दोनाऐवजी तीन-तीन रंग खेळवले. आना-लीसा मानहाइमर लुनचा 1947मधला 'ब्लू शिमर' हा त्यातला सर्वांत लाडका नमुना. त्यात फूल, पक्षी, चांदणी असं बोट ठेवून दाखवता येईल असं फारसं काही नाही. छटांच्या पट्ट्या एकमेकींत शिरत जातात, कारण प्रत्येक सीमेवर उलट टाक्यांनी दोन्हीकडचे रंग मिसळलेले असतात. त्यात लोकरीबरोबर अंगोरा सशाचे केसही असत. त्या मऊ लवेमुळे उरलीसुरली कडाही धूसर होते. रंग आणि पोत वेगळे काढताच येत नाहीत. चित्रात रंग पृष्ठभागावर बसतो, इथे पृष्ठभागच रंगाने बनलेला आहे.

योकला चित्र न म्हणण्याचं दुसरं कारण गणिताचं आहे. वरून खाली विणायचा स्वेटर गळ्यापाशी सुरू होतो. समजा गळ्याला 100 टाके घातले आणि खांद्यांखाली 300 हवेत. नक्षीचे 20 समान भाग केले तर गळ्याशी प्रत्येक भागात 5 टाके येतात, मग 8, मग 12, शेवटी 15. वर पाच टाक्यांत मावेल तेवढीच कळी, खाली पंधरा टाक्यांत उमलायला जागा. योकवरच्या आकृत्या खाली रुंदावत जातात त्या अशा, मापाच्या गरजेतून. टाके वाढवायची ओळही नक्षीत लपवावी लागते, नाहीतर योकवर भोकांची रांग दिसते. चांगला योक ओळखायचा तर वाढीच्या ओळी शोधा. पटकन सापडल्या नाहीत तर रचनाकाराला तिचं काम येतं.

बार्बरा वॉकरचं 'निटिंग फ्रॉम द टॉप' हे पुस्तक 1972चं. वरून खाली विणण्याच्या पद्धतीला त्याने मोठं बळ दिलं. या पद्धतीत शिवण जवळजवळ नसते आणि विणता विणता स्वेटर अंगात घालून बघता येतो. लांबी किती, बाही किती, हे विणणारी स्वतःच्या शरीरावर ठरवते. पण यात एक जोखीमही आहे. सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांच्या नजरेत येणारा भाग सर्वांत आधी विणावा लागतो, हात अजून त्या लोकरीला सरावलेला नसताना.

आता तक्रार. आजचे बरेच नवे योक मला फोनच्या पडद्यासाठी रचलेले वाटतात. गडदवर पांढरं, काळ्यावर पिवळं. लहानशा चौकोनातही आकृती ठळक दिसते आणि लाइक मिळतात. अधूनमधून चार उलट टाके असतात, पण ते शोभेपुरते. काढून टाकले तरी नक्षीचं काही बिघडणार नाही. बोहुसचा योक फोटोत बहुधा फिका पडतो. तो हातभर अंतरावरून, माणूस हलत-बोलत असताना बघायचा असतो. वस्त्र हे शेवटी जवळच्या माणसांनी बघायची गोष्ट आहे, आणि नवे रचनाकार हे विसरत चाललेत.

पण बोहुसचीही आरती ओवाळून थांबता येत नाही. लुन, शेश्टिन उल्सॉन अशी रचनाकारांची नावं आपल्याला माहीत आहेत. ज्या शेकडो बायकांनी ते स्वेटर प्रत्यक्ष विणले, त्यांची नावं किती जणांना ठाऊक आहेत? एमाची शिस्त कडक होती, काम काटेकोर लागे. शेकडो हातांचं काम एकाच हातचं वाटावं, हा तिथे गुण होता. म्हणजे विणणारीचा हात ओळखू न येणं हीच कौशल्याची कसोटी. आपण ज्याला कलाकृती म्हणतो तिच्यात ही अट शिवलेली आहे, आणि समीक्षा करणाऱ्याने ती उसवून बघितली पाहिजे.

आज तर व्यवहारच उलटा झालाय. बोहुसलेनच्या बायका पैसे मिळावेत म्हणून विणत होत्या. आजची विणणारी पैसे देऊन पॅटर्न घेते, महाग लोकर घेते आणि स्वतःचे तास फुकट घालते. समजा एका स्वेटरला 60 तास लागले. तासाला 100 रुपये धरले तरी मजुरीच 6,000 होते, लोकर वेगळी. मग घरातलं कुणीतरी विचारतंच, 'एवढ्यात बाजारात दोन आले असते की!' हिशोब बरोबर आहे. हाताच्या कामाची पुरी किंमत बाजार देत नाही, हे बोहुसलाही शेवटी भोवलंच. खर्च वाढत गेला, फॅशन बदलली आणि संस्था मिटली.

मग विणायचं कशाला? मला वाटतं, रचनाकार आणि विणणारी यांच्यातली ती जुनी भिंत इथे पडू शकते म्हणून. वरून खाली विणणारी मुलगी योक अंगावर चढवते, आरशात बघते, एक छटा नको म्हणून सहा ओळी उसवते, तिथे पॅटर्नमध्ये नसलेला उलट टाका घालते. कुणी तपासायला नाही, कुणाच्या हातासारखा आपला हात दिसायला हवा असंही नाही. बोहुसच्या बायकांना ही मोकळीक नव्हती. ती आपल्याला मिळालीय, आणि आपण ती दुसऱ्याचा फोटो टाका न् टाका उतरवण्यात घालवतोय.

पुढच्या वेळी असा स्वेटर समोर आला तर एवढंच करा. घालणारीची परवानगी घेऊन गळ्याची कड जराशी उलटून बघा. मागून नेलेले धागे दिसतील, कुठे घट्ट, कुठे सैल. मग पुन्हा पुढची बाजू बघा आणि उलट टाके कुठे समोर आणलेत, का आणलेत, ते तिला विचारा. ती उत्तर देताना थांबणार नाही.