आकाराचा आधार : कॉर्सेट व चोळी

पाश्चात्त्य वेषाने स्त्रीदेह जखडला आणि भारतीय वेषाने तो मोकळा ठेवला, हे विधान वेषविषयक लेखनात वारंवार भेटते. विधान सोयीचे खरे. परंतु वस्तूंची घडण तपासली म्हणजे ते टिकत नाही.

कॉर्सेट म्हणजे घट्ट विणीच्या कापडाचे थर, त्यांत शिवलेल्या अरुंद नळ्या आणि नळ्यांत सारलेल्या काड्या. या काड्यांना इंग्रजीत ‘व्हेलचे हाड’ म्हणत. वस्तुतः ते हाड नव्हे. काही जातींच्या व्हेलच्या वरच्या जबड्यातून लोंबणाऱ्या, नखाच्याच द्रव्याच्या त्या पट्ट्या होत. ताडोबाच्या वेशीवरील मोहर्लीकडे ज्याने बांबू फोडताना पाहिला आहे, त्यास त्यांचा गुण चटकन उमगेल. दोन्ही पदार्थ लांबीच्या दिशेने सरळ फाटतात, वाकवले तर उसळून पूर्ववत् होतात, आणि उष्णता देऊन घातलेला बाक थंड झाल्यावर धरून ठेवतात. मात्र कामटी फार बारीक केली की तिला कुसे निघतात. व्हेलची पट्टी बारीक करूनही गुळगुळीत राहते. बोरूसारख्या काड्यांपेक्षा शिंप्यांनी तिला अधिक मान दिला तो यामुळेच. एकोणिसाव्या शतकात पोलादी पट्ट्या आल्या. १८२० नंतरच्या दशकात नाडीच्या भोकांना धातूची कडी बसू लागली, आणि कापड फाटण्याची भीती न बाळगता नाडी जोराने ओढता येऊ लागली.

चोळीत काडी नाही. पण बंधन आहे. गुळेदगुड्डचा खण अरुंद पन्ह्याचा, म्हणून काठ बाहीच्या कडेस येईल असा बेत करावा लागतो. छातीवरचा तुकडा धाग्यांशी तिरका बेतला म्हणजे कापड किंचित ताणते व अंगावर बसते. पुढची गाठ ते आवळून धरते. अशा वस्त्रास मोकळे म्हणणे धाडसाचे आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकणाऱ्या स्त्रीस कंबरेत काडी कशी चालावी, असे कोणी विचारील. उत्तर पुरेसे नाही. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये कष्टकरी स्त्रियाही चामड्याच्या ताठर चोळ्या घालीत.

खरा भेद ताठरपणा कोठे ठेवला आहे, हा आहे. कॉर्सेट अंगावरून उतरवले तरी आपला आकार बरेचसे राखते; चोळी घडी होऊन सपाट पडते. चोळीला आकार देहाकडून मिळतो. आपल्या रंगभूमीने याची परीक्षाच घेतली आहे. झाडीपट्टीतील दंडारीत पुरुष स्त्रीभूमिका करीत. ‘मानापमान’ (१९११) व ‘एकच प्याला’ (१९१९) यांतील बालगंधर्वांच्या भामिनी व सिंधू सर्वश्रुत आहेत. पुरुषदेहावर चोळी चढविली तर स्त्रीचा आकार वस्त्र देत नाही. तो आतून भराव घालून, नाहीतर चालीतून व उभे राहण्याच्या ढबीतून आणावा लागतो.

संग्रहालयाच्या काचेआड मात्र हा भेद चोळीवर अन्याय करतो. उभे कॉर्सेट ‘रचना’ ठरते, सपाट चोळी ‘कापड’ ठरते, आणि वेषाचा अभ्यासक पहिल्याचे नकाशे काढतो, दुसरीची केवळ नक्षी वर्णितो. चोळी बेतणाऱ्यांकडून तुकड्यांची मापे व धाग्यांची दिशा उतरवून घेतल्याविना या दोहोंची तुलना एकांगीच राहणार.