झाकलेल्या शिदोऱ्या

पाच हजारांच्या भोजनाचा प्रसंग चारही शुभवर्तमानकारांनी नोंदविला आहे. पुनरुत्थान वगळता हा मान प्रभू येशूच्या दुसऱ्या कोणत्याही चमत्काराला लाभलेला नाही. तरीही या प्रसंगाचा जो अर्थ प्रवचनांतून वारंवार ऐकू येतो, तो चौघांपैकी एकानेही लिहिलेला नाही. लोकांजवळ शिदोऱ्या होत्याच, पण त्या झाकलेल्या होत्या. एका मुलाने आपल्या भाकरी पुढे करताच सर्वांना लाज वाटली, गाठोडी सुटली आणि सारे जेवले! हे स्पष्टीकरण तसे जुनेच. हाइनरिक पाउलुस या जर्मन बुद्धिवादी पंडिताने १८२८ साली प्रसिद्ध केलेल्या येशूचरित्रात याच धाटणीचा उलगडा केला होता.

मूळ वृत्तान्त काय सांगतो? मुलगा केवळ संत योहानाच्या शुभवर्तमानात आहे, आणि तेथेही अंद्रिया त्याच्याकडे निर्देश करतो इतकेच. त्याच्या औदार्याविषयी एक अक्षर नाही. जेवून तृप्त झालेले लोक येशूला बळेच राजा करू पाहतात, असे योहान लिहितो. स्वतःचीच शिदोरी खाल्लेल्या माणसांना हा उमाळा कशासाठी यावा?

परंतु माझा खरा आक्षेप वेगळा आहे. संत मार्कच्या वृत्तान्तात येशूला त्या समुदायाचा कळवळा येतो. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते त्याला दिसतात. आपला अर्थ मात्र त्या भुकेल्यांनाच कंजूष आणि ढोंगी ठरवतो. शिष्यांची सूचना व्यवहाराला धरून होती : लोकांना गावोगाव पाठवावे, ज्याने त्याने आपले पाहावे. त्यावर, तुम्हीच त्यांना खायला द्या, ही आज्ञा झाली ती शिष्यांना, समुदायाला नव्हे. शिष्यांनी तत्काळ हिशेब मांडला, दोनशे दिनार! द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार आहे, म्हणजे ही दोनशे दिवसांची कमाई. आणि जवळ काय, तर पाच भाकरी. त्या जवाच्या होत्या, हे योहानच सांगतो. जव हे गरिबाचे धान्य. जवाच्याच वीस भाकरींत अलीशा संदेष्ट्याने शंभर जणांना जेवू घातले होते, ही कथा तेव्हाच्या यहुदी श्रोत्याला आठवल्यावाचून राहिली नसेल.

झाकलेल्या शिदोऱ्यांचा अर्थ स्वीकारला की ती आज्ञा अलगद शिष्यांच्या खांद्यावरून उतरून लोकांच्या माथी जाते. आम्हां धर्मगुरूंना तो इतका प्रिय का, हे वेगळे सांगायला नको.

भाकरी कशा वाढल्या, याविषयी चौघेही मौन पाळतात. मार्क, मत्तय आणि लूक क्रियापदे तेवढी जपून ठेवतात : घेतल्या, आशीर्वाद दिला, मोडल्या, दिल्या. अखेरच्या भोजनाच्या वर्णनातही हाच क्रम आहे. गालील सरोवराकाठी ताबघा येथील मंदिरात पाचव्या शतकातील प्राचीन मोझेक आहे. त्यातील टोपलीत चारच भाकरी दिसतात. पाचवी वेदीवर असते, असा तिचा अर्थ लावला जातो.

आणि उरलेले तुकडे? ते गोळा करण्याचे काम येशूने शिष्यांनाच दिले. बारा टोपल्या भरल्या. लोकांना परत पाठवू म्हणणारेही बाराच होते.