मुद्रा आणि ध्वज : अमेरिकेतील राज्यध्वजांच्या परीक्षणाचे निकष

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पन्नासही घटक राज्यांना स्वतःचे ध्वज आहेत. प्वेर्तो रिको, ग्वाम, व्हर्जिन बेटे, अमेरिकन सामोआ आणि उत्तर मारियाना बेटे या प्रदेशांनाही ते आहेत. संघाच्या राष्ट्रध्वजावर प्रत्येक राज्यासाठी एक तारा आहे. प्रदेशांसाठी एकही नाही. यावरून एवढे ध्यानात येते की, ध्वजावर काय घ्यावे आणि काय गाळावे, हा केवळ शोभेचा प्रश्न नसतो. असे असूनही या ध्वजांच्या गुणदोषांची चर्चा आज मुख्यतः शोभेच्या अंगानेच होत असते. ती चर्चा कोठवर पटण्यासारखी आहे आणि कोठे अपुरी पडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या चर्चेला निश्चित रूप आले ते २००१ साली. त्या वर्षी उत्तर अमेरिकेतील ध्वजविद्या-संघटनेने अमेरिका व कॅनडा या दोन देशांतील राज्ये, प्रांत व प्रदेश यांच्या ७२ ध्वजांची गुणानुक्रमे पाहणी केली. तीत न्यू मेक्सिकोचा ध्वज पहिला आला, टेक्ससचा दुसरा, आणि जॉर्जियाचा त्या वेळचा ध्वज अगदी शेवटचा ठरला. याच संघटनेच्या टेड के यांनी संकलित केलेल्या ‘गुड फ्लॅग, बॅड फ्लॅग’ या पुस्तिकेत उत्तम ध्वजाची पाच सूत्रे सांगितली आहेत. ध्वज इतका साधा असावा की लहान मुलाला तो आठवणीने काढता यावा. त्यातील चिन्ह अर्थपूर्ण असावे. मुख्य रंग दोन किंवा तीनच असावेत. त्यावर अक्षरे अथवा मुद्रा नसाव्यात. आणि तो इतरांहून वेगळा तरी असावा किंवा जाणूनबुजून कोणाशी नाते सांगणारा असावा. गेल्या काही वर्षांत अमेरिकेत जेथे जेथे ध्वज बदलण्याची भाषा निघाली, तेथे तेथे याच सूत्रांचा आधार घेतला गेला. म्हणूनच त्यांची परीक्षा होणे अगत्याचे आहे.

प्रथम या सूत्रांच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हटले पाहिजे. त्यांचा मुख्य रोख आहे तो मुद्रांकित निळ्या ध्वजांवर, आणि तो सर्वस्वी योग्य आहे. वीसहून अधिक राज्यांनी निळ्या कापडावर आपली राजमुद्रा किंवा मानचिन्ह ठेवून ध्वजाचे काम भागविले. या प्रथेचे मूळ बव्हंशी यादवी युद्धातील पलटणींच्या निशाणांत सापडते. ती निशाणे निळी असून त्यांवर मानचिन्हे रंगविलेली असत. तथापि मुद्रा आणि ध्वज यांचे धर्म भिन्न आहेत. मुद्रा कागदावर उमटविण्यासाठी असते. ती स्थिर असते आणि हाताच्या अंतरावरून पाहिली जाते; लेख खरा आहे याची ग्वाही देणे हे तिचे कार्य. ध्वज वाऱ्यावर हलतो, दुरून दिसतो आणि दोन्ही बाजूंनी पाहिला जातो. मुद्रेतील डोंगर, नांगर, जहाज, पुरुष आणि बोधवाक्य यांचा दुरून एक अस्पष्ट ठिपका तेवढा होतो.

या घोटाळ्याची कबुली त्या त्या राज्यांनीच दिली आहे. कॅन्ससने १९६१ साली आपल्या ध्वजावर स्वतःचे नाव लिहिले. विस्कॉन्सिनने १९७९ च्या कायद्याने नाव आणि १८४८ हे वर्ष घातले. मोंटानानेही १९८१ साली नाव घातले. जे चिन्ह ओळख पटविण्यासाठी निर्माण झाले, त्याचीच ओळख अक्षरांनी पटवून द्यावी लागावी, हा त्या चिन्हाचा पराभवच होय. नेब्रास्काचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१७ साली तेथील विधिमंडळाच्या एका सदस्याने असे निदर्शनास आणून दिले की, राज्याचा ध्वज राजधानीच्या इमारतीवर दहा दिवस उलटा फडकत होता आणि ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

येथपर्यंत सूत्रे खरी ठरतात. परंतु मुद्रेचा दोष केवळ ती अस्पष्ट दिसते एवढाच आहे काय? मिनेसोटाच्या जुन्या ध्वजावरील मुद्रेत एक गोरा शेतकरी नांगर धरून उभा होता आणि एक मूळनिवासी घोड्यावरून दूर निघाला होता. मॅसॅच्युसेट्सच्या मानचिन्हात एका मूळनिवासी पुरुषाच्या डोक्यावर तलवार धरलेला हात आहे. ही चित्रे बारीक आहेत म्हणून वाईट नव्हेत. उलट ती बारीक असल्यामुळेच त्यांतील आशय इतकी वर्षे टीकेवाचून टिकला. दुरून न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल कोणी जाब विचारीत नाही. मुद्रा ही शासनाची असते. ती ध्वजावर चढली म्हणजे शासनाचे स्वतःविषयीचे मत हेच लोकांचे चिन्ह होऊन बसते. म्हणून मुद्रांकित ध्वजाला खरा आक्षेप चित्रकलेचा नसून स्वामित्वाचा आहे. पाच सूत्रे नेमका हाच प्रश्न विचारीत नाहीत.

हा प्रश्न न विचारल्यामुळे काय होते, ते पहिल्या क्रमांकाच्या ध्वजावरूनच दिसते. न्यू मेक्सिकोचा १९१५ चा ध्वज निळा होता. त्यावर राज्याचे नाव, मुद्रा, राष्ट्रध्वजाची प्रतिकृती आणि संघात प्रवेश केल्याचा ४७ हा अनुक्रमांक एवढी गर्दी होती. पुढे डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन या महिला-संस्थेच्या पुढाकाराने स्पर्धा झाली आणि सांता फे येथील वैद्य व पुरातत्त्वज्ञ हॅरी मेरा यांची आकृती १९२५ साली स्वीकृत झाली. पिवळ्या कापडावर तांबडे सूर्यचिन्ह एवढीच ती आकृती. वर्तुळातून चारी दिशांना चार चार किरण जातात. रंग स्पेनच्या राजवटीचे स्मरण देतात. साधेपणा, अर्थ, रंगसंगती आणि वेगळेपणा यांपैकी कोणत्याही कसोटीला हा ध्वज उणा पडत नाही.

पण ते सूर्यचिन्ह मेरा यांनी कल्पिलेले नव्हते. झिया या पुएब्लो समाजातील एका जुन्या मातीच्या भांड्यावर ते होते, आणि त्या समाजाच्या दृष्टीने ते पवित्र आहे. चार दिशा, चार ऋतू, दिवसाचे चार प्रहर आणि आयुष्याच्या चार अवस्था असा त्याचा अर्थ सांगितला जातो. ते ध्वजावर घेताना झिया समाजाची अनुमती घेतली गेली नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्या समाजाने याबद्दल राज्याकडे भरपाई मागितली. ध्वजावरून हे चिन्ह मोटारींच्या क्रमांकपट्ट्यांवर आणि व्यापारी मालावरही गेले. म्हणजे ‘अर्थपूर्ण चिन्ह’ या सूत्राला जे पूर्ण गुण मिळाले, तो अर्थ दुसऱ्याच्या घरातून आणलेला होता. पाहणीत हे ध्यानी घेण्यास जागाच नव्हती, कारण पाहणी आकृतीची होती, व्यवहाराची नव्हती.

शेवटच्या क्रमांकाची कथा याच्या उलट आहे आणि तितकीच उद्बोधक आहे. गुलामगिरीच्या रक्षणासाठी १८६१ साली फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यसंघाचे रणचिन्ह जॉर्जियाने १९५६ साली आपल्या ध्वजावर घेतले. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९५४ सालचा, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. २००१ साली गव्हर्नर रॉय बार्न्स यांच्या कारकिर्दीत तो ध्वज जाऊन निळा ध्वज आला. त्यावर मध्ये मुद्रा होती आणि खाली एका फितीवर पाच जुने ध्वज लहान आकारात मांडले होते. रणचिन्हाला त्या पाचांतील एका चिमुकल्या चित्रात स्थान मिळाले. ध्वज म्हणून ही रचना ओबडधोबड होती, यात शंका नाही. परंतु तिचा ओबडधोबडपणा हा एका तडजोडीचा परिणाम होता.

२००३ साली तिच्या जागी आलेला ध्वज देखणा आहे. तांबडा, पांढरा, तांबडा असे तीन पट्टे आणि कोपऱ्यातील निळ्या चौकोनात तेरा ताऱ्यांच्या वर्तुळात राज्याचे मानचिन्ह, अशी त्याची रचना आहे. २००४ च्या लोकमतात जनतेने तोच पसंत केला. पण ही रचना दक्षिणी राज्यसंघाच्या पहिल्या राष्ट्रध्वजावरून घेतलेली आहे. रणचिन्ह सर्वांना ओळखता येते. हा पहिला ध्वज फारसा कोणी ओळखीत नाही. ज्या इतिहासावरून वाद झाला तो येथे नाहीसा झाला नसून अनोळखी वेषात परत आला. सूत्रांनुसार ही सुधारणाच ठरेल. परीक्षकाने मात्र तिला सुधारणा म्हणताना थबकले पाहिजे.

मिसिसिपीच्या ध्वजावर हेच रणचिन्ह १८९४ पासून होते. २००१ च्या लोकमतात सुमारे दोनतृतीयांश मतदारांनी ते राखले. २०२० च्या जून महिन्यात विधिमंडळाने तो ध्वज रद्द केला आणि नव्या ध्वजासाठी दोन अटी घातल्या : रणचिन्ह नसावे, आणि ईश्वरावर विश्वास व्यक्त करणारे राष्ट्राचे बोधवाक्य असावे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मॅग्नोलियाच्या फुलाचा ध्वज सत्तर टक्क्यांहून अधिक मतांनी संमत झाला. फुलाभोवती वीस पांढरे तारे आहेत, कारण मिसिसिपी हे संघातील विसावे राज्य. वर एक सोनेरी तारा आहे, तो तेथील मूळनिवासी जमातींसाठी. ध्वजावर अक्षरे नकोत या सूत्राचा येथे उघड भंग झाला आहे. परंतु या अक्षरांची अट मान्य झाल्यामुळेच अनेकांना जुने चिन्ह सोडणे शक्य झाले. या अक्षरांना दोष मानणे म्हणजे ज्या किमतीत करार झाला ती किंमत न पाहणे होय.

आता निर्णय कोणी करावयाचा, हा तिसरा प्रश्न. मेन राज्याचा १९०१ चा ध्वज फिकट पिवळसर कापडावर पाइनचे झाड आणि निळा तारा असा होता. १९०९ साली त्याच्या जागी निळ्यावर मानचिन्ह असा ध्वज आला. जुन्या झाडाकडे परत जावे, असा प्रस्ताव २०२४ साली मतदारांपुढे आला. सूत्रांच्या दृष्टीने झाडाचा ध्वज निःसंशय सरस होता; मतदारांनी तो नाकारला. इलिनॉय राज्यात २०२५ साली नव्या आकृत्यांवर लोकांची पसंती अजमावली असता सर्वाधिक मते प्रचलित मुद्रांकित ध्वजालाच मिळाली. याउलट मिनेसोटात दोन हजारांहून अधिक आकृत्या लोकांकडून मागवूनही अंतिम निवड एका आयोगाने केली आणि नवा ध्वज मे २०२४ पासून अमलात आला. त्यावरील वाद अजूनही ऐकू येतो. युटाने मध्यम मार्ग काढला : मधाच्या पोळ्याचा नवा ध्वज २०२४ साली लावताना जुन्यालाही ऐतिहासिक ध्वज म्हणून मान्यता ठेवली. यावरून लोकांना अभिरुची नाही असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे ठरेल. ज्या ध्वजाखाली शाळा सुरू झाल्या आणि शवपेटिका गेल्या, त्याचे मूल्य रेषांवरून ठरत नाही.

प्रदेशांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. ग्वामचा १९१७ चा आणि व्हर्जिन बेटांचा १९२१ चा असे दोन्ही ध्वज अमेरिकन नौदलाच्या प्रशासनाखाली तयार झाले. पहिल्यावर बेटाचे नाव आहे, दुसऱ्यावर गरुडाच्या दोन्ही बाजूंस दोन आद्याक्षरे. प्वेर्तो रिकोच्या ध्वजाचा जन्म मात्र १८९५ साली न्यूयॉर्क येथे, स्पेनविरोधी निर्वासित क्रांतिकारकांत झाला. क्यूबाच्या ध्वजाचे रंग उलटे करून तो केला होता. १८९८ साली बेट अमेरिकेच्या ताब्यात गेले. १९४८ च्या एका कायद्याने हा ध्वज बाळगणे वा लावणे शिक्षेस पात्र झाले. तोच ध्वज १९५२ साली अधिकृत झाला; कायदा मात्र १९५७ पर्यंत रद्द झाला नाही. आजही त्रिकोणातील निळा रंग फिका असावा की राष्ट्रध्वजासारखा गडद, यावर तेथे मतभेद आहेत, आणि त्या छटेवरून लावणाऱ्याचा राजकीय कल ओळखला जातो. एकच आकृती, एकच मांडणी. पण एका छटेने अर्थ पालटतो. अशा ध्वजाला रचनेचे गुण देऊन काय साधणार?

तिन्ही प्रश्नांना समाधानकारक उत्तर देणारा ध्वज नाहीच, असे मात्र नाही. अलास्का हा प्रदेश असताना १९२७ साली तेथील शाळकरी मुलांची स्पर्धा झाली. अनाथाश्रमात वाढलेल्या, मूळनिवासी आईच्या बेनी बेन्सन या मुलाने निळ्या आकाशावर सप्तर्षी आणि ध्रुव एवढेच काढले. १९५९ साली राज्य झाल्यावरही तोच ध्वज राहिला. मुलाला काढता यावा असे सूत्र सांगते. हा तर मुलानेच काढला. शिवाय ते तारे कोणाच्या भांड्यावरून उचललेले नाहीत. अलास्कात राहणारा प्रत्येक समाज ते आपले म्हणू शकतो.

तात्पर्य, पाच सूत्रे टाकून द्यावयाची नाहीत. मुद्रेने ध्वजाची जागा घेऊ नये, हे त्यांनी स्पष्ट केले, आणि हे त्यांचे कार्य मोलाचे आहे. पण ती परीक्षणाचा आरंभ आहेत, शेवट नव्हे. आकृतीचे गुण दिल्यानंतर चिन्ह कोणाचे, ते कोणाच्या संमतीने आले आणि निर्णय कोणी केला, हे स्वतंत्रपणे नोंदविले पाहिजे. अशी नोंद झाली, तर न्यू मेक्सिकोचा ध्वज आकृतीत पहिला राहील, परंतु झिया समाजाचे येणे त्याच्या नावापुढे लिहावे लागेल. जॉर्जियाच्या आजच्या ध्वजाच्या देखणेपणापुढे त्याची वंशावळ लिहावी लागेल. आणि मिसिसिपीच्या अक्षरांपुढे त्यांनी काय साध्य केले तेही. इतर राज्ये आज नव्या ध्वजांचा विचार करीत असताना त्यांच्या हाती केवळ गुणानुक्रम न देता असा लेखाजोखा देणे, हेच या विषयाच्या अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.