वर्गणीदार किती? : नियतकालिकांच्या वहीपासून प्रचार-सॉफ्टवेअरपर्यंत गणनेची चिकित्सा

प्रस्तावना

नियतकालिके, ग्रंथप्रकाशन संस्था, व्याख्यानमाला आणि ग्राहकांशी नित्य संबंध असलेले व्यवसाय आपल्या सदस्यांची नोंद आज बहुधा संगणकावर ठेवतात. ई-पत्रे व लघुसंदेश पाठविणाऱ्या प्रचार-सॉफ्टवेअरच्या पहिल्याच पडद्यावर एक ठळक आकडा असतो : ‘एकूण सदस्य’. या आकड्यावरून अंकाच्या किती प्रती छापायच्या, जाहिरातीचा दर किती ठेवायचा, इतकेच नव्हे तर नियतकालिक चालू ठेवायचे की बंद करायचे, हेही ठरते. मात्र हा आकडा नेमका कशाचा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पुणे शहरातील नियतकालिकांच्या परंपरेच्या संदर्भात या गणनेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. व्यक्ती, नोंद आणि काळ या तीन गोष्टी वेगळ्या न ठेवता केलेली बेरीज अंकगणिताच्या दृष्टीने अचूक असली तरी अर्थाच्या दृष्टीने चुकीची ठरू शकते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : वर्गणीदार, गणना, पुनरावृत्ती, सरासरी, संमती.

पूर्वपरंपरा : वही आणि वर्गणीदार

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ 1874 मध्ये आणि ‘केसरी’ 1881 मध्ये पुण्यात सुरू झाली. त्या काळापासून वर्गणीदार हा मराठी नियतकालिकांचा मुख्य आधार राहिला. ‘वर्गणी’ या शब्दात स्वतःचा वाटा उचलणे अभिप्रेत आहे. गणेशोत्सवाची वर्गणी आणि मासिकाची वर्गणी यांसाठी मराठीने एकच शब्द वापरावा, हे अर्थपूर्ण आहे. वर्गणीदाराने पैसे दिलेले असतात, ते ठरावीक मुदतीसाठी दिलेले असतात आणि अंक ठरावीक पत्त्यावर जायचा असतो. वर्गणीदारांच्या वहीतील प्रत्येक ओळीत या तीनही गोष्टी असत. व्ही. पी. न स्वीकारता परत आली की ती ओळ खोडली जाई.

या वहीला कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्व होते. 1898 च्या भारतीय डाक अधिनियमाच्या नवव्या कलमानुसार टपालाच्या सवलतीसाठी वृत्तपत्र म्हणून नोंदणी व्हायची असेल, तर प्रकाशन जास्तीत जास्त एकतीस दिवसांच्या अंतराने व्हावे आणि त्याच्याजवळ वर्गणीदारांची खरीखुरी यादी असावी, अशी अट होती. 2023 च्या डाकघर अधिनियमाने हा जुना कायदा आता रद्द झाला आहे. तथापि ‘खरीखुरी यादी’ या कल्पनेतील आग्रह लक्षणीय आहे. कायद्याला नुसता आकडा पुरेसा वाटला नव्हता.

वर्गणीदार आणि वाचक एक नव्हेत, याचीही जाणीव पुण्यात जुनी आहे. 1848 मध्ये स्थापन झालेल्या पुणे नगर वाचन मंदिरासारख्या संस्थेत येणारी एक प्रत अनेकांच्या हातांतून जाते. ब्रिटिश सरकारच्या देशी वृत्तपत्रांविषयीच्या साप्ताहिक अहवालांत पत्रांच्या खपाचे आकडे नोंदलेले असत. पण एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे, या रीतीने होणारा प्रसार त्या आकड्यांत मावणारा नव्हता. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’ची उभारणी आगाऊ वर्गणीदारांच्या आधारे झाली. तेथे वर्गणीदार म्हणजे अद्याप न छापलेल्या खंडांवर विश्वास ठेवणारी व्यक्ती होती. साहजिकच दिलेले वचन आणि हाती आलेली रक्कम यांचा हिशेब वेगळा ठेवणे भाग होते.

स्वातंत्र्योत्तर काळात हे भेद संस्थात्मक झाले. 1948 मध्ये स्थापन झालेली ‘ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स’ ही संस्था सहामाही मुदतीत विकल्या गेलेल्या प्रतींची तपासणी करते, तर 1995 मध्ये सुरू झालेल्या ‘इंडियन रीडरशिप सर्व्हे’ने वाचकांचा अंदाज घेतला. प्रत आणि वाचक यांची मोजमापे अशी वेगळी राहिली.

बेरजेचा दोष

प्रचार-सॉफ्टवेअरमध्ये ‘सबस्क्रायबर’ हा शब्द आला, पण त्यातील वर्गणी गळून पडली. येथे सदस्य होण्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत, मुदत नसते, पत्ताही एका ओळीचा असतो. परिणामी एकाच व्यक्तीची नोंद अनेक याद्यांत होते.

समजा, पुण्यातील एखाद्या मासिकाकडे तीन याद्या आहेत : मासिकाचे वर्गणीदार 1200, दिवाळी अंकाचे ग्राहक 900 आणि व्याख्यानमालेत नाव नोंदविलेले श्रोते 600. तिन्हींची बेरीज 2700 होते. परंतु पहिल्या दोन याद्यांत 500, पहिल्या व तिसऱ्या यादीत 200, दुसऱ्या व तिसऱ्या यादीत 150 आणि तिन्ही याद्यांत 100 नावे समान असतील, तर प्रत्यक्ष व्यक्ती 1950 च ठरतात. उरलेले 750 हे वाचक नसून पुनरावृत्ती आहे. 2700 या आकड्यावर विसंबून प्रती छापल्या, तर तितक्या प्रती रद्दीत जातील. लहान मासिकाला एवढा तोटा पेलवणारा नसतो.

हाच दोष संगणकाच्या अंतर्गत रचनेतही शिरतो. सदस्यांचा तक्ता पाठविलेल्या पत्रांच्या तक्त्याला जोडला की प्रत्येक सदस्य जितकी पत्रे तितक्या वेळा येतो. 1950 सदस्यांना चार पत्रे गेली असतील, तर जोडलेल्या तक्त्यात 7800 ओळी होतात. ओळी मोजायच्या की वेगळ्या व्यक्ती, हे आज्ञेत स्पष्ट न केल्यास सॉफ्टवेअर निमूटपणे ओळी मोजते. दर महिन्याच्या वेगवेगळ्या वाचकांची बेरीज करून वर्षाचे वाचक काढणे, हीदेखील याच जातीची चूक होय.

‘एकच व्यक्ती’ कोण?

पुनरावृत्ती काढून टाकावी, हे उत्तर सोपे वाटते. परंतु त्यासाठी दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत हे ओळखता आले पाहिजे, आणि मराठी नावांच्या बाबतीत अडचण येथेच आहे. एकच नाव देवनागरीत व रोमी लिपीत येते. कधी वडिलांच्या नावासह, कधी केवळ आद्याक्षरांनी येते. विवाहापूर्वीचे व नंतरचे नाव अशा दोन नोंदी एकाच स्त्रीच्या असू शकतात. ‘कऱ्हाडे’ किंवा ‘गोऱ्हे’ या आडनावांतील ‘ऱ्ह’ हे जोडाक्षर संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठविता येते. डोळ्यांना एकच दिसणारे शब्द यंत्राला भिन्न वाटतात. म्हणून बहुतेक सॉफ्टवेअर ई-पत्त्यालाच व्यक्ती मानतात. त्यातूनही दोन विरुद्ध दोष संभवतात. दोन पत्ते वापरणारी व्यक्ती दोनदा मोजली जाते. एकाच पत्त्यावर पत्रे घेणारे वृद्ध दाम्पत्य एकदाच मोजले जाते. पहिला दोष संख्या फुगवितो, तर दुसरा एका वाचकाला अदृश्य करतो.

सरासरी आणि ‘उघडलेली पत्रे’

गणनेनंतरची पायरी सरासरीची. एक पत्र 1500 जणांना पाठविले आणि 300 जणांनी उघडले, म्हणजे प्रमाण 20 टक्के. दुसरे पत्र निवडक 100 जणांना पाठविले आणि 60 जणांनी उघडले, म्हणजे प्रमाण 60 टक्के. दोन प्रमाणांची सरासरी 40 टक्के येते. वस्तुतः 1600 पत्रांपैकी 360 उघडली गेली, म्हणजे खरे प्रमाण साडेबावीस टक्केच आहे. लहान गटाला मोठ्या गटाइतकेच वजन दिल्याने निष्कर्ष जवळजवळ दुप्पट झाला.

‘उघडले’ या क्रियापदाचीही तपासणी आवश्यक आहे. पत्रात दडविलेले एक अतिसूक्ष्म चित्र मागविले गेले की पत्र उघडले, असे सॉफ्टवेअर मानते. 2021 मध्ये ॲपल कंपनीने आपल्या मेल-सेवेत खासगीपणाच्या रक्षणासाठी अशी चित्रे आधीच उतरवून घेण्याची सोय दिली. तेव्हापासून न वाचलेली पत्रेही उघडल्यासारखी दिसू लागली.

सदोष मोजमापही सातत्याने वापरले तर वाढ किंवा घट दाखविते, असा या आकड्यांच्या बाजूने युक्तिवाद केला जातो. तो काही अंशी मान्य करावा लागेल. मात्र मोजण्याची रीत मध्येच बदलली तर हे समर्थन उरत नाही. 2021 पूर्वीचे व नंतरचे आकडे शेजारी ठेवून काढलेली चढती रेषा वाचकांविषयी फारसे काही सांगत नाही.

काळ आणि संमती

जुन्या वहीत मुदत संपली की वर्गणीदारही संपत असे. याला अपवाद होता तो आजीव वर्गणीदाराचा. त्याच्या निधनाची वार्ता कार्यालयात पोचेपर्यंत तो यादीत जिवंत राही. मुदत नसलेल्या याद्यांमुळे आज प्रत्येक सदस्य जणू आजीव झाला आहे. पत्ता बंद पडला, नोकरी बदलली, रस संपला, तरी नाव उरते. म्हणूनच ‘एकूण’, ‘सध्या पत्रे स्वीकारणारे’ आणि ‘नाव काढून घेतलेले’ हे तीन आकडे स्वतंत्र दाखविणे अगत्याचे आहे.

याला नैतिक बाजूही आहे. एका यादीतून नाव काढून घेतलेली व्यक्ती दुसऱ्या दोन याद्यांत राहिली आणि याद्या एकत्र करताना तिचा नकार पुसला गेला, तर झालेली चूक केवळ हिशेबाची राहत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सुलभ असावे, असे तत्त्व मांडले आहे. बेरीज करताना नकारही मोजावा लागतो आणि तो सर्व होकारांहून प्रबळ मानावा लागतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, याद्यांची बेरीज आणि व्यक्तींची संख्या या भिन्न राशी आहेत. दुसरी, प्रमाणांची सरासरी काढण्याऐवजी मूळ संख्यांवरून प्रमाण काढावे. तिसरी, प्रत्येक आकड्यासोबत त्याची व्याख्या व दिनांक असावा. चौथी, नकाराची नोंद कोणत्याही एकत्रीकरणात टिकली पाहिजे.

सॉफ्टवेअर खोटे बोलत नाही. विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर ते देते. प्रश्न नेमका विचारण्याची जबाबदारी संपादकाची व व्यवस्थापकाची आहे. पुण्यातील नियतकालिकांच्या वहीने प्रत्येक ओळीमागे माणूस, मुदत आणि पत्ता जपला होता. नव्या साधनाचा वेग स्वीकारताना ती शिस्तही स्वीकारली, तर कमी दिसणारा आकडा अधिक विश्वासार्ह ठरेल आणि अल्प साधनांवर चालणाऱ्या मराठी नियतकालिकाला आपला खरा वाचक दिसेल.