कच्चं मडकं

तेरच्या गोरोबाकाका कुंभारांच्या अंगणात संतमेळा जमला आहे. ज्ञानदेव, निवृत्तिनाथ, सोपान, मुक्ताबाई, नामदेव सगळे बसलेत. मुक्ताबाईची नजर कोपऱ्यातल्या थापटण्याकडे जाते. हे कशाला, असं ती विचारते. मडकं भाजलंय की कच्चं आहे ते यानं कळतं, असं काका सांगतात. मग ती म्हणते, आम्हीही मडकीच की, बघा ठोकून. काका उठतात आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. बाकीचे गप्प बसून मार खातात, नामदेव मात्र चिडतो. निकाल लागतो: हे मडकं कच्चं.

धाराशिव जिल्ह्यात ही कथा इतक्यांदा ऐकू येते की तिच्यातली धार बोथट झाली आहे. कीर्तनात नामदेवाची फजिती म्हणून ती रंगते, लोक हसतात आणि पुढचा अभंग सुरू होतो. कच्चा ठरलेला माणूस कोण आहे, हे मात्र नीट पाहायला हवं. याच्या हातचा नैवेद्य विठ्ठलानं खाल्ला आहे, याच्याशी देव बोलतो. त्याच्या भक्तीत खोट आहे असं कथेत कुणीही म्हणत नाही. कमी आहे ती एकच गोष्ट: त्यानं गुरू केलेला नाही. ज्याला देव आधीच भेटला, त्याला दीक्षेची गरज काय?

ख्रिस्ती मंडळींत हाच प्रश्न दोन हजार वर्षं बाप्तिस्म्याच्या नावानं विचारला जातो आहे. विश्वास आहे, प्रार्थना आहे, पण पाणी घेतलेलं नाही. अशा माणसाचं तारण होतं का?

कथेतली पुढची चाल मला सगळ्यात धीट वाटते. नामदेव रडत पंढरपुरी जातो आणि थेट विठ्ठलाकडे गाऱ्हाणं मांडतो. देव आपल्या लाडक्याची बाजू घेईल असं आपल्याला वाटतं. देव घेत नाही. गोरोबाचं बरोबर आहे, गुरू कर, असं सांगून तो नामदेवाला विसोबा खेचरांकडे धाडतो. कथाकाराला इथं विठ्ठलाला मोठेपणा देऊन प्रसंग मिटवता आला असता. त्यानं तो मोह टाळला. मत्तयच्या शुभवर्तमानात असाच एक प्रसंग आहे. येशू बाप्तिस्मा घ्यायला यार्देनेवर येतो आणि तो देणारा योहान अवघडतो. ज्याच्याकडून आपण घ्यायचा, तोच आपल्याकडे कसा आला? तरीही येशू पाण्यात उतरतो. ज्याला गरज नाही तोच रांगेत उभा राहिला, की इतरांना सवलत मागणं अवघड होतं.

तरी नव्या करारात उत्तर एकसुरी नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेमाला पाणी आणि आत्मा यांच्यावाचून देवाच्या राज्यात प्रवेश नाही असं सांगितलं जातं. मार्काच्या शेवटच्या अध्यायात विश्वास आणि बाप्तिस्मा यांची जोडी आहे, पण दोषी ठरण्याचं कारण म्हणून फक्त अविश्वासाचं नाव येतं. लूकमध्ये शेजारच्या वधस्तंभावरचा गुन्हेगार पाण्याचा थेंबही न घेता त्याच दिवशी सुखलोकात जातो. प्रेषितांच्या कृत्यांत रोमन शताधिपती कर्नेल्याच्या घरी तर क्रमच उलटा होतो. पवित्र आत्मा आधी उतरतो आणि पेत्राला पाण्याची आठवण नंतर होते. हा कर्नेल्य नामदेवाच्या सगळ्यात जवळचा. देव आधी भेटला, विधी मागून आला, पण आला. (ही पुस्तकं लिहिली गेली त्याच शतकात तेर, म्हणजे तेव्हाचं तगर, रोमन जगाशी व्यापार करत होतं. माल पोचला, ही चर्चा पोचली नसावी.)

आता विसोबा. औंढ्या नागनाथाच्या देवळात हा म्हातारा शिवलिंगावर पाय टाकून खुशाल पडला आहे. नामदेव हादरतो. मग जिथं देव नाही तिथं माझे पाय उचलून ठेव, असं विसोबा म्हणतात. नामदेव पाय उचलतो आणि ठेवील तिथं लिंग उभं राहतं. नामदेवाची दीक्षा ती हीच. मंत्राला या प्रसंगात फारसं महत्त्व नाही, सगळा भार त्या जड पायांवर आहे. आणि गंमत अशी, की जी दीक्षा अनिवार्य म्हणून त्याच्यावर लादली गेली, तिच्यातून त्याला कळलं काय? देव एका जागी, एका दगडाला बांधलेला नाही. कॅथलिक चर्चनं 1992 साली प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षणग्रंथात बाप्तिस्म्याबद्दल नेमकी हीच दुपेडी भूमिका आहे. देवानं तारण या संस्काराशी बांधलं आहे, पण तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधला गेलेला नाही. तर्कशास्त्राच्या मास्तरांना हे पटणार नाही. औंढ्याच्या देवळातून बाहेर पडलेल्या नामदेवाला बहुधा पटलं असतं.

आपल्याकडे अहिल्यानगरला (पूर्वीच्या अहमदनगरला) बाप्तिस्म्याच्या या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं एकाच गावात नांदतात. तिथं बाप्तिस्मा देणारी चर्चेस आहेत आणि इव्हँजेलिन बूथ रुग्णालय चालवणारी साल्व्हेशन आर्मीही आहे. तिच्यात पाण्याचा बाप्तिस्मा मुळी नाहीच. याच जिल्ह्यातल्या राहुरी तालुक्यातलं ताहराबाद हे महिपतींचं गाव. त्यांनी 1762 साली ‘भक्तविजय’ पुरा केला आणि गोरोबांची ही परीक्षा त्यात रसाळपणे सांगितली. तो ग्रंथ इंग्रजीत नेला जस्टिन अ‍ॅबट यांनी, नरहर गोडबोले यांच्या साथीनं. अ‍ॅबट अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी होते. थापटण्याचा प्रसंग उतरवताना त्यांना बाप्तिस्म्याचा वाद आठवला नसेल, हे मानणं मला जड जातं.

त्याच मिशनमध्ये कवी नारायण वामन टिळक होते. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला, पण मनानं ते त्याच्या आधीच ख्रिस्ताचे झाले होते. पंडिता रमाबाईंचं उलट झालं. त्यांनी 1883 साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त पुढं काही वर्षांनी भेटला, असं त्यांनीच लिहून ठेवलं. एकाची माती आधी भाजली आणि शिक्का मागून बसला, दुसरीचा शिक्का आधी. थापटण्याच्या आवाजावरून हा फरक कळला असता का, कोण जाणे.

तेरची कथा एका बाबतीत मात्र अपुरी पडते. नामदेवाला त्या ठोक्यानं मानहानी सोसावी लागली, डोळ्यांत पाणी आलं, पण त्याचं घर, शिंप्याची जात, पंढरपूर यांतलं काही सुटलं नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं मराठी माणसाचं तेच सगळं सुटत असे. पाणी घेतलं नाही तरी सुटका नव्हती. 1843 साली मुंबईत श्रीपत शेषाद्री नावाचा कोवळा मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. त्याचा बाप्तिस्मा झालाच नव्हता, कोर्टानं त्याला बापाच्या स्वाधीनही केलं. तरी त्याला जातीत परत घ्यावं की नाही यावर रण माजलं, आणि त्याची बाजू घेणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला. आणि 1950 च्या अनुसूचित जाती आदेशानंतर दलित माणसानं ख्रिस्ती होणं म्हणजे जातीच्या दाखल्यावर पाणी सोडणं. गोरोबांच्या अंगणात असा दाखला कुणाच्याच खिशात नव्हता.

टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षं वेगळ्या राहिल्या, त्यातला काही काळ पंढरपुरातच. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रातली ती पानं वाचताना मला बाईंचा विनोद जास्त अस्वस्थ करतो. नवरा जिवंत आहे, प्रेम आहे, आणि मध्ये ओंजळभर पाणी आहे, ही स्थिती त्या रडगाणं न गाता सांगतात. पुढं त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःच्या वेळेनं. नवऱ्यानं ठोकून पाहिलं म्हणून नव्हे.

ही किंमत टिळकांनी घरात पाहिली होती. 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि त्यात ख्रिस्ताचे बाप्तिस्मा घेतलेले शिष्य जसे हवे होते तसेच न घेतलेलेही. स्वतःचा बाप्तिस्मा त्यांनी नाकारला नाही, तो निरर्थक आहे असंही म्हटलं नाही. फक्त दारात थापटणं घेऊन कुणाला बसवलं नाही. चर्चमधल्या अनेकांना ते रुचलं नाही. दरबाराला दोन वर्षं होत आली होती, तेवढ्यात, मे 1919 मध्ये, टिळक गेले.